रिंगणातलं लेकरू

कामं आटोपली का? ज्यांची भाकरी तव्यावर असेल त्यांनी ती आधी उलटून घ्या, आजची गोष्ट जरा लांबची आहे.

दर वेळी मी तुमच्याशी हप्ता, व्याज, बँकेची कागदपत्रं यावर बोलते. आज नाटकावर बोलणार आहे. २७ मार्चला जागतिक रंगभूमी दिन असतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर तीन वर्षांनी, १९४८ साली, युनेस्कोच्या पुढाकाराने प्राग शहरात आंतरराष्ट्रीय रंगभूमी संस्था सुरू झाली. कालपर्यंत ज्यांचे देश एकमेकांवर बॉम्ब टाकत होते, त्या देशांतल्या नाटकवाल्यांनी आता एकमेकांकडे जावं, एकमेकांचं काम बघावं, मिळून काम करावं, एवढाच हेतू. याच संस्थेने ठरवल्याप्रमाणे १९६२ पासून हा दिवस पाळला जातो.

तुम्ही म्हणाल, ताई, याचा आमच्याशी काय संबंध? आपणही अभ्यास सहलीला जातोच की. दुसऱ्या तालुक्यातला गट पापड कसे करतो, शेळ्यांचा विमा कसा उतरवतो, ते बघून येतो. आपल्याकडेही पाहुणे येतात. काही पाहुणे फोटो काढतात, चहा घेतात, वहीत दोन ओळी लिहितात आणि जातात. काही मात्र बसतात, विचारतात, आपलंही काही सांगतात, आणि ते गेल्यावर आपल्या कामात काहीतरी बदललेलं असतं. नाटकवाल्यांच्या येण्याजाण्यातही हे दोन्ही प्रकार असतात. आज मी दुसऱ्या प्रकारची गोष्ट सांगते. ती आपल्या मराठीतलीच आहे.

१९७०च्या दशकात मुंबईत एक नाटक झालं, ‘अजब न्याय वर्तुळाचा’. विजया मेहता आणि फ्रिट्झ बेनेविट्झ या दोघांनी मिळून ते बसवलं. विजयाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल, मुंबईत ‘रंगायन’ ही संस्था उभी करणाऱ्यांत त्या होत्या. बेनेविट्झ हे पूर्व जर्मनीतल्या वायमार शहराच्या राष्ट्रीय नाट्यगृहातले दिग्दर्शक. मूळ नाटक जर्मन, बर्टोल्ट ब्रेख्त यांचं. त्याला मराठी रूप दिलं चिं. त्र्यं. खानोलकरांनी. आरती प्रभू या नावाने कविता लिहिणारे ते हेच. वेंगुर्ल्याकडचे, कुडाळला खानावळ चालवलेले. म्हणजे बघा, वायमारचा जर्मन माणूस, मुंबईच्या दिग्दर्शक बाई आणि कोकणातला खानावळवाला कवी, असे तिघे एका कामावर.

आता नाटकात काय आहे ते सांगते. नावं मूळ जर्मन नाटकातली घेते.

कॉकेशस पर्वताच्या मुलखात एका शहरात सणाच्या दिवशी बंड होतं. सुभेदाराला मारून टाकतात. त्याची बायको नातेला पळायच्या घाईत असते, पण घाई कसली, तर हा झगा घेऊ की तो घेऊ याची. आग जवळ आल्यावर ती निघते, आणि तिचं तान्हं पोर मागेच राहतं. वाड्यातल्या स्वयंपाकघरात काम करणारी ग्रुशा नावाची पोरगी ते बघते. सगळे तिला सांगतात, हात लावू नकोस, त्या पोराच्या मागावर सैनिक आहेत. त्याच दिवशी तिचं सिमॉन नावाच्या शिपायाशी लग्न ठरलेलं असतं. ती पोराजवळ रात्रभर बसून राहते आणि पहाटे त्याला उचलून चालू लागते.

पुढची वाट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळेल. पोराला दूध हवं, तर म्हातारा शेतकरी दुधाला भलता भाव सांगतो. खिशातले पैसे संपतात. एका शेतकरणीच्या दारात ती पोराला ठेवून निघते सुद्धा, की निदान हे तरी जगेल. पण वाटेत सैनिक भेटतात, ती उलटी धावत येते, आणि सैनिक पाळण्यावर वाकलेला बघून त्याच्या डोक्यात लाकूड घालते. कुजलेल्या दोरांच्या पुलावरून दरी ओलांडते. भावाच्या घरी पोचते, तर भावजय देवभोळी आणि लोकलाजेची, बिनलग्नाच्या पोरीच्या काखेत पोर बघून तिला कसंतरी होतं. मग भाऊ तिचं लग्न एका मरायला टेकलेल्या माणसाशी लावून देतो, म्हणजे कपाळावर नाव लागेल आणि नवरा आज ना उद्या जाईल. लग्नातच बातमी येते की लढाई संपली. ते ऐकताच मरायला टेकलेला नवरदेव ताडकन उठून बसतो! सैन्यात भरती टाळायला तो आजारी पडला होता. आमच्या बायका इथे इतक्या हसल्या, की मला गोष्ट थांबवावी लागली.

वर्षं जातात. नातेला परत येते आणि पोर मागते. ते कशासाठी, तर नवऱ्याची इस्टेट वारसाच्या नावावर आहे, वारस ताब्यात नसेल तर एक दमडी मिळत नाही. सैनिक पोराला ग्रुशाकडून काढून नेतात. खटला उभा राहतो. न्यायाधीश कोण? अझदाक नावाचा गावचा कारकून, गोंधळाच्या दिवसांत सैनिकांनी गमतीने खुर्चीवर बसवलेला. तो कायद्याचं पुस्तक बुडाखाली घेऊन बसतो, श्रीमंताकडून उघड लाच घेतो आणि निकाल गरिबाच्या बाजूने देतो. असला साहेब आपल्याला कधी भेटला नाही.

अझदाक खडू मागवतो, जमिनीवर रिंगण काढतो, पोराला मधे उभं करतो. दोघींनी एकेक हात धरायचा आणि ओढायचं. जी खरी आई तिच्यात जोर असेल. नातेला ओढते. ग्रुशा हात सोडते. पुन्हा एकदा. पुन्हा ती हात सोडते. तिने वाढवलेल्या पोराचे तुकडे ती कशी करणार?

ही गोष्ट मी एका गटाच्या मासिक बैठकीत सांगितली. हप्ते गोळा झाले होते, इतिवृत्तावर सह्या झाल्या होत्या, चहा उकळत होता. निकालाआधी मी थांबले आणि विचारलं, लेकरू कुणाला द्यायचं? बहुतेक जणी एका सुरात म्हणाल्या, ग्रुशाला. एक मावशी म्हणाल्या, “त्यात विचारायचं काय? जिनं हात सोडला तिला.” त्यांनी जावेची दोन मुलं लहानाची मोठी केली आहेत, ते सगळ्यांना माहीत आहे. मग कोपऱ्यातून एक वहिनी बोलल्या. त्या एरवी फारशा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, “सोडून गेली सोडून गेली म्हणता. माझं पोरगं सासरी राहिलं. मी सोडून नाही गेले, मला तसंच बाहेर काढलं. उद्या तिथं रिंगण काढलं तर माझं काय होणार?” कुणी काही बोललं नाही. चहा ओतून गेला तेव्हा कुठे सगळ्या हलल्या.

मला त्या वहिनींचं पटतं. ब्रेख्तने त्याचं काम सोपं करून घेतलं आहे. त्याची जन्म देणारी आई श्रीमंत, नखरेल आणि लोभी, तिच्या बाजूने आपलं मन जातच नाही. आपल्या गावातल्या आया तशा नसतात. तरीही नाटक मला मोठं वाटतं, त्याचं कारण त्याच्या आधीच्या गोष्टींमध्ये आहे. आणि त्या गोष्टी कुठून कुठे गेल्या ते ऐकण्यासारखं आहे.

जातक कथांमध्ये महोसध नावाच्या शहाण्या मुलाची गोष्ट येते. तो म्हणजे बोधिसत्त्व. एक बाई बाळाला अंघोळ घालून तळ्यात उतरते, तेवढ्यात यक्षिणी बाळ पळवते आणि म्हणते, हे माझंच. महोसध जमिनीवर रेघ ओढतो, बाळाला रेघेवर ठेवतो, एकीला हात धरायला सांगतो, दुसरीला पाय. बाळ रडतं, आई सोडते. बायबलमध्ये सॉलोमन राजा तलवार मागवून म्हणतो, पोराचे दोन तुकडे करा, आणि जी नको म्हणते तिला पोर देतो. चीनमध्ये युआन राजवटीच्या काळात, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकात, यावर नाटकच झालं. त्यात हायतांग नावाची गरीब घरची मुलगी श्रीमंताची दुसरी बायको होते, तिला मुलगा होतो. थोरली नवऱ्याला विष घालते, आळ हायतांगवर घेते आणि इस्टेटीसाठी मुलगा आपलाच म्हणते. शेजारीपाजारी आणि सुईणी पैसे खाऊन खोटी साक्ष देतात. शेवटी बाओ नावाचा प्रामाणिक न्यायाधीश चुन्याचं रिंगण काढतो. या तिन्ही गोष्टींत जिंकते ती जन्म देणारी आई.

ते चिनी नाटक १८३२ साली लंडनला फ्रेंच भाषेत छापलं गेलं. स्तानिस्लास ज्युलियाँ या पंडिताने केलेलं भाषांतर. पुढे क्लाबुंड नावाच्या जर्मन लेखकाने ते जर्मनमध्ये आपल्या पद्धतीने लिहिलं, १९२५ मध्ये त्याचे प्रयोग गाजले. क्लाबुंड आणि ब्रेख्त एकमेकांना ओळखत होते. आणि ब्रेख्तने काय केलं, तर गोष्ट फिरवली. इथे वाढवणारी जिंकते. हजारो वर्षं रक्ताच्या बाजूने लागणारा निकाल त्याने कष्टाच्या बाजूने लावला. म्हणून मी म्हटलं, नाटक मोठं आहे.

ब्रेख्तने हे लिहिलं तेव्हा त्याला स्वतःला देश उरला नव्हता. १९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यावर तो बायकापोरांसह जर्मनीतून निघाला. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड असं करत १९४१ मध्ये अमेरिकेत पोचला. तिथे १९४४ मध्ये हे नाटक लिहिलं. पोर काखेत घेऊन दारोदार हिंडणारी ग्रुशा त्याने का लिहिली असेल ते उघड आहे. आणि पहिला प्रयोग कुठे झाला असेल? बर्लिनला नाही, न्यूयॉर्कलाही नाही. १९४८ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात नॉर्थफील्ड नावाच्या छोट्या गावातल्या कॉलेजच्या मुलांनी इंग्रजीत केला. जर्मन भाषेतला त्याचा स्वतःच्या मंडळीचा प्रयोग बर्लिनला १९५४ मध्ये झाला. ती नाटक मंडळी चालवत होत्या त्याच्या बायको, हेलेन वाइगेल. नाटकात त्यांनी कुठलं काम केलं, तर त्या नखरेल सुभेदारणीचं.

इथे एक बाजूची गोष्ट सांगू द्या, कारण आपल्याला ती लागू पडते. ब्रेख्तच्या कामात बायका फार होत्या. या नाटकात त्याला साथ दिली रूट बेर्लाऊ या डेन्मार्कच्या नटी-दिग्दर्शिकेने. छापील नाटकात तिचं नाव ‘सहकार्य’ म्हणून येतं. त्याआधी एलिझाबेथ हाउप्टमान या बाईने एक जुनं इंग्रजी संगीत नाटक जर्मनमध्ये आणलं, त्यावरून ब्रेख्तचं १९२८ चं सगळ्यात गाजलेलं नाटक उभं राहिलं. त्याचंच पुढे पु. ल. देशपांडे यांनी मराठीत ‘तीन पैशाचा तमाशा’ केलं. जग ब्रेख्तला ओळखतं, आपण पुलंना ओळखतो. हाउप्टमानबाईंना कोण ओळखतं? वाढवणारीला पोर मिळालं पाहिजे असं लिहिणाऱ्या माणसाच्या घरात वाढवणाऱ्या बायकांची नावं बारीक अक्षरात छापली गेली. मला हे खटकतं, आणि ब्रेख्त कितीही थोर असला तरी ते बोलून दाखवावंसं वाटतं.

आता आपल्या मुंबईकडे येऊ.

बेनेविट्झ पहिल्यांदा भारतात आले ते १९७० साली, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात. त्यामागे राजकारण होतं हेही सांगते. तेव्हा जर्मनीचे दोन तुकडे होते, आणि पूर्व जर्मनीला आपल्या सरकारने पूर्ण मान्यता दिली ती १९७२ मध्ये. त्यामुळे त्या सरकारला इथे मित्र हवे होते, आणि नाटकवाले पाठवणं हा मैत्रीचा एक मार्ग होता. सरकारं आपल्या हिशोबानेच पैसे देतात. बचत गटांना कर्ज देणारेही आपल्या हिशोबानेच देतात. त्या पैशातून आपण काय उभं करतो, ते आपल्या हातात असतं. बेनेविट्झ नंतर जवळजवळ पंचवीस वर्षं पुन्हा पुन्हा भारतात येत राहिले, वेगवेगळ्या भाषांत नाटकं बसवत राहिले. ते काही सरकारने सांगितलं म्हणून नव्हे.

बेनेविट्झना मराठी येत नव्हतं. मग नाटक कसं बसवलं? एकट्याने बसवलंच नाही. विजयाबाई होत्या, खानोलकरांचे शब्द होते, आणि मराठी नटनट्या होत्या. बर्लिनमध्ये केलं तसं इथे करा, अशी नक्कल इथे झाली नाही. हे नाटक मराठी लोकनाट्याच्या अंगाने उभं राहिलं. ब्रेख्तच्या नाटकात एक गाणारा असतो, तो गोष्ट सांगतो, पात्रांच्या मनातलं बोलतो. मराठी माणसाला हा गाणारा कुणी नवा वाटेल का? आपल्याकडे सूत्रधार आहे, शाहीर आहे, मागे धरणारे झिलकरी आहेत. कोकणच्या दशावतारात एक मोकळी जागा आणि एक बाक एवढ्यावर राजवाडा उभा राहतो.

ब्रेख्तचं म्हणणं असं, की नटाने पात्रात बुडून जाऊ नये. त्याने पात्र दाखवावं, म्हणजे बघणारा रडता रडता विचारही करेल. यावर लोकांनी जाडजूड पुस्तकं लिहिली आहेत. पण तुम्ही भारूड पाहिलं आहे ना? लुगडं नेसून सोंग घेतलेला माणूस मधेच थांबतो, समोरच्या पाटलाला टोमणा मारतो, पुन्हा सोंगात शिरतो. आपल्याला तो बाई नाही हे पक्कं माहीत असतं, तरी त्याने सांगितलेलं सासूचं दुःख खरं वाटतं. ब्रेख्तने स्वतः १९३५ मध्ये मॉस्कोला मेई लानफांग या चिनी नटाचं काम पाहिलं. बायकांची कामं करणारा थोर नट तो. ते पाहून त्याला आपला विचार सापडत गेला आणि त्याने त्यावर लेख लिहिला. म्हणजे जी रीत आपल्याला परदेशी म्हणून शिकवली जाते, तिचा एक धागा आपल्या पूर्वेकडचाच.

मला या कामात आवडतं ते हे. बाहेरचा माणूस आला आणि त्याने विचारलं, तुमच्याकडे काय आहे? आपल्याकडे जे होतं ते शहरातले लोक तेव्हा जरा खालचं मानत होते. तमाशा म्हटलं की नाक मुरडायचे. बाहेरच्याने मान दिला म्हणून आपल्याला मान वाटावा, हे काही चांगलं लक्षण नाही. पण विजयाबाईंसारख्यांनी नुसता मान घेतला नाही, त्यांनी त्या रीतींचा वापर करून आपल्या आजच्या प्रेक्षकासाठी काम केलं. शोभेसाठी दोन लेझीमवाले नाचवले आणि झालं, असं नव्हतं ते. आपल्या गावात पाहुणे येतात तेव्हा आपण नऊवारी नेसून फुगडी घालतो, त्यांचे फोटो होतात. फुगडी घालावी, जरूर घालावी. पण त्यांना आपली हिशोबाची वहीसुद्धा दाखवावी, आणि त्यांची मागावी.

आणि देवाणघेवाण एकाच बाजूने झाली नाही. विजयाबाई जर्मनीत गेल्या त्या बघायला नव्हे, काम करायला. त्यांनी जर्मन नटांना घेऊन जर्मन भाषेत आपली नाटकं बसवली, कालिदासाचं ‘शाकुंतल’ आणि पुढे वायमारला १९८४ मध्ये गिरीश कर्नाडांचं ‘हयवदन’. आता भाषा न येणारं माणूस म्हणजे आपली बाई, आणि नट सगळे जर्मन. पारडं बरोबरीत आलं की नाही?

वायमारचं एक सांगायलाच हवं. जर्मनांचा महाकवी गटे याच शहरात राहायचा. १७९१ मध्ये ‘शाकुंतल’ जर्मनमध्ये आलं तेव्हा तो ते वाचून वेडा झाला होता. त्याच्या ‘फाउस्ट’ नाटकाच्या सुरुवातीला जो नाटकवाल्यांचा प्रवेश आहे, तो त्याला शाकुंतलातल्या सूत्रधारावरून सुचला असं मानतात. म्हणजे आपला सूत्रधार आधीच वायमारला जाऊन राहिला होता, आणि पावणेदोनशे वर्षांनी तिथला माणूस इकडे येऊन सूत्रधारालाच भेटला. ‘हयवदन’चं तसंच. दोन मित्रांच्या मुंडक्यांची अदलाबदल होते ती वेताळाची गोष्ट आपली, ती घेऊन टोमास मान या जर्मन लेखकाने १९४० मध्ये कादंबरी लिहिली, ती वाचून कर्नाडांनी कन्नडमध्ये नाटक लिहिलं, आणि ते पुन्हा जर्मनीला गेलं. गोष्टींना माहेर-सासर दोन्हीकडे घर असतं. कुणाची गोष्ट कुणी नेली यावर भांडणारे खूप भेटतात. मी विचारते, नेली ती नीट नांदवली का?

आता नाटकातली एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. ग्रुशाची गोष्ट सुरू होण्याआधी नाटकात एक छोटा प्रवेश आहे. युद्ध संपत आलेलं आहे. एका खोऱ्यातून शत्रू मागे हटला आहे आणि दोन गावं त्या खोऱ्यासाठी समोरासमोर बसली आहेत. एका गावची माणसं पिढ्यानपिढ्या तिथे शेळ्या चारायची, लढाईत त्यांना खोरं सोडून जावं लागलं. त्यांचं म्हणणं, जमीन आमची, इथल्या गवताच्या चवीचं चीज दुसरीकडे होत नाही. ते चीज घेऊनच आलेत चाखवायला. दुसरं गाव फळबागा करणारं. त्यांनी धरण बांधून तीनशे हेक्टर भिजवायचा नकाशा आणला आहे. बोलणं होतं, हसणं होतं, आणि खोरं फळबागवाल्यांना जातं. मग त्या आनंदात सगळे मिळून जी जुनी गोष्ट करतात, ती ग्रुशाची. म्हणजे पोराचा न्याय हा खरं तर जमिनीचा न्याय आहे. जो नीट सांभाळील त्याला.

बैठकीत हे सांगितलं तेव्हा आधी सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एक आक्का म्हणाल्या, “असं म्हणूनच आमच्या माहेरची जमीन कोयनेत गेली. धरणाचं पाणी जास्त कामाचं म्हणे.” बरोबर आहे आक्का. हे वाक्य धोक्याचंही आहे. आम्ही तुमच्यापेक्षा चांगला वापर करू, असं धरणवालेही म्हणतात, कारखानेही म्हणतात. मी तो प्रवेश पुन्हा वाचला. त्यात एक फरक आहे, तो छोटा नाही. तिथे दोन्ही गावची माणसं समोरासमोर बसली आहेत, नकाशा सगळ्यांनी पाहिला आहे, प्रश्न विचारले आहेत, आणि शेळ्यावाल्यांनी स्वतः होकार दिला आहे. कोयनेच्या लोकांना असं कोणी बसवून विचारलं?

आणि तोच न्याय आपण आपल्या घरात लावला तर? पेरणी, खुरपणी, कापूस वेचणं, ज्वारी काढणं, गोठा. हात कुणाचे आणि सातबारा कुणाच्या नावाचा? शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या काळात लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन करावी म्हणून. त्यानंतर १९९२ मध्ये सरकारी परिपत्रक निघालं. नवऱ्याने स्वतः अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावता येतं. अर्ज तलाठी कार्यालयात द्यायचा, पोच घ्यायची, फेरफार झाला की नवा सातबारा काढून बघायचा. अर्ज नवऱ्याने करायचा आहे, म्हणजे रिंगणात हात त्याने सोडायचा आहे. किती जण सोडतात ते आपल्याला माहीत आहे. पण ज्यांनी सोडला असे दोघे-तिघे प्रत्येक गावात असतात, त्यांना पुढच्या बैठकीला बोलवा आणि कसं केलं ते विचारा.

आमच्या गटाने या नाटकाचा शेवटचा प्रवेश मिळून वाचायचं ठरवलं आहे. अझदाक व्हायला चौघी तयार आहेत. नातेला व्हायला कुणीच तयार नव्हतं. मग त्या कोपऱ्यातल्या वहिनी म्हणाल्या, मी होते, पण तिला काय म्हणायचंय ते मी माझं बोलणार.